कोर्टानं पाठवलेली बाई

कोर्टानं पाठवलेली बाई पहिल्या दिवशी आमच्याकडे आली, चहा पिऊन झाल्यावर मोठ्या मोकळेपणानं उठली आणि ज्या तसराळ्यात आम्ही जेवणाची भांडी धुतो नेमके त्यातच तिनं आपले हात धुतले. बाई काही वाईट नव्हती. आवाज मऊ, बूट दाराशी काढलेले. आम्हा जिप्सींच्या घरात भांड्यांचं तसराळं वेगळं, हातातोंडाचं वेगळं, आणि लादी पुसायचं तर दाराबाहेरच, हे तिला कुठून ठाऊक असणार. गोर्ज्यांना, म्हणजे आमच्यात नसलेल्यांना, असल्या गोष्टी आईबाप शिकवतच नाहीत. मी हसले. राहू द्या हो, मी करते, म्हणाले. तिची गाडी वस्तीच्या फाटकाबाहेर वळली तशी ते तसराळं उचललं आणि कुंपणापलीकडच्या खाणीच्या खड्ड्यात फेकून दिलं. माझी नात केझी पायरीवर बसून बघत होती.

एरवी मी कुणाला असं हसून सोडलं नसतं, माझं तोंड साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. पण माझी मुलगी मिझेली दारूपायी वाहवली, कौन्सिलच्या सरकारी लोकांनी तिची पोर उचलून परक्या घरात ठेवली, आणि तिथून भांडभांडून मी केझीला माझ्या ट्रेलरात, म्हणजे चाकांवरच्या घरात, आणली ती फक्त निकाल लागेपर्यंत. कायमची ती माझ्याजवळ राहणार की कुठल्या तरी गोर्जो जोडप्याला दत्तक जाणार, हे जज ठरवणार होता, आणि जजला सांगणार होती ही हिलरी पेंडल. कौन्सिलच्या पगारावरची नाही, आमच्याही बाजूची नाही, दोघांच्या मधोमध उभी राहून बघणारी बाई. तिनं नकाराची मान हलवली की केझी गेली, इतकं ते सरळ होतं. म्हणून मी मूग गिळून बसले.

पुढच्या खेपेला ती येताना नवंकोरं तसराळं घेऊन आली. पांढरं, निळ्या काठाचं, तामचिनीचं. आपली चूक तिला कुणी तरी सांगितली होती म्हणे. फार वाईट वाटलं, घ्या, म्हणाली. बाहेरच्यानं दिलेलं धुण्याचं भांडं आमच्यात घरात घेत नाहीत. माझी जाऊ लव्हिनिया पलीकडच्या ट्रेलरात राहते, ती नंतर म्हणाली, "फेने, खड्डा अजून भरला नाही बरं. टाक तेही." मी म्हटलं, आणि तिनं पुढच्या वेळी विचारलं तर? मी ते ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, हिलरीबाईंच्या देखत त्यात कोमट पाणी ओतून केझीचं तोंड धुतलं, म्हणजे त्यांना दिसावं की मी कशी समजूतदार बाई आहे.

मग त्या येत राहिल्या. मी डुकराच्या मांसाची गुंडाळी कशी उकडते ते बघत, केझीला कशी झोपवते ते बघत, आणि बघता बघता विचारत. तुमचं लहानपण कसं गेलं? आई मारायची का? मी सगळं सांगितलं. केंटच्या मळ्यांतून, बिअरमध्ये घालतात त्या वेलींची फुलं तोडायला आम्ही सगळे जायचो, तिथं एकदा उकळती किटली माझ्या पायावर कलंडली, आणि आईनं मला ओढ्यात बसवून, पाय पाण्यात धरून, त्या किटलीला इतक्या शिव्या घातल्या, तिच्या आईबापांचा उद्धार केला, की मी रडता रडता हसायला लागले. हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. हिलरीबाई ऐकताना मान तिरकी करायच्या आणि ओठ हलवायच्या, कुणाचं गाणं मनात पाठ करावं तसं.

केझी त्यांच्यावर जीव टाकू लागली. माझ्या हाताला कंगवा दिसला की ही पोर ट्रेलर डोक्यावर घेते; त्यांच्या पुढ्यात मात्र मांजरासारखी बसून वेणी घालून घ्यायची. गाडीचा आवाज आला की भाकरीचा घास ताटात टाकून पळायची. पोरं नव्याला भुलतात, असं मी स्वतःला समजवायची, पण जळत होते. नवरा दुसऱ्या बाईकडे बघायचा तेव्हाही मी इतकी जळले नव्हते. माझ्या हातात असतं तर त्या बाईला दोन तासांत हाकलून दिलं असतं, आणि हाकलली असती तर केझीही तिच्या मागून गेली असती. तर मी तिला आणखी एक बिस्किट वाढायची.

एकदा गॅसचा बाटला आणायला मी त्या दोघींना ठेवून गावात गेले. संध्याकाळी लव्हिनिया भांडायलाच आली. "एवढी कसली गं मिजास? पायरीवर बसून नातीबरोबर वाटाणे सोलत होतीस, मी हाका मारतेय, मारतेय, बाईसाहेब मान वर करायला तयार नाहीत."

मी म्हटलं, ती मी नव्हते, ती कोर्टाची बाई. माझा ॲप्रन घातला असेल तिनं.

"ती उंच, गोरीपान, सडसडीत. तू रांजण. तीस वर्षं शेजारी राहून मी माझ्या जावेला ओळखत नाही का?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून निघून गेली.

त्यानंतर एका दुपारी केझीला ताप होता आणि ती झोपत नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं, म्हटलं तुला माझ्या आईची गोष्ट सांगते. सुरुवात केली, वेलींची फुलं, आणि पुढचं येईना. मळा होता. काहीतरी सांडलं होतं. आईचा चेहरा आठवायला गेले तर नुसती पाठ दिसली, आणि तीही कुणाचीही असू शकली असती. केझीनं पुढचं सगळं सांगितलं, ओढा, पाय, किटलीच्या आईबापांसकट.

"मी सांगितली होती का तुला?" मी विचारलं.

"तू नाही. ती तिची गोष्ट आहे," केझी म्हणाली. "तिच्या पायाला डागपण आहे. मी हात लावून बघितला."

माझ्या उजव्या पायावरचा डाग मी जन्मभर बघत आले आहे. त्या दिवशी मोजा काढून बघायचं मला धाडस झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

पुढच्या वेळी मी हिलरीबाईंना म्हटलं की किटलीच्या गोष्टीतली ती माझी आई होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हो ना. तुम्ही किती छान सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पूर्वीसारखा मऊ राहिला नव्हता, कडक, खरखरीत, वस्तीतल्या बाईचा झाला होता. मला तो फार ओळखीचा वाटला. त्यांनी आणखी काही विचारलं. मिझेलीच्या जन्माबद्दल. मी उत्तर दिलं, कारण उत्तर न देणाऱ्या आजीबद्दल जजला काय सांगतात ते मला माहीत होतं.

शेवटच्या भेटीला पाऊसपाणी काही नव्हतं, लख्ख ऊन होतं. हिलरीबाई बाकावर खिडकीकडच्या कोपऱ्यात बसल्या, केझी त्यांच्या कुशीत. त्या म्हणाल्या की त्यांचं मत पक्कं झालं आहे. केझी कुठल्याही परक्या घरी जाणार नाही, ती इथंच राहील, या ट्रेलरात, आपल्या आजीजवळ. कोर्टात त्या हेच सांगणार होत्या आणि जज सहसा त्यांचं ऐकतो.

मला रडू फुटलं. मी इतकी रडले की डोळे पुसायला काही सापडेना. हीच तर एक गोष्ट मागितली होती मी, आणि ती मिळाली होती. त्या उठल्या, बटाट्यांचं पातेलं स्टोव्हवर चढवलं, झाकण जरा कलतं ठेवलं. स्टोव्हचं ते उजवीकडचं बटण अडकतं, ते त्यांनी अंगठ्यानं दाबून बरोबर फिरवलं. मी हे सगळं बाकाच्या अगदी कडेवर बसून बघत होते. माझ्या अंगावर कोट होता. तो मी कधी घातला ते मला आठवत नव्हतं, आणि कोणी मला आणखी बसा असं म्हणतही नव्हतं, म्हणून थोड्या वेळानं मी उठले.

केझी बाकावरून उतरली आणि तिनं दार उघडून धरलं. लोक जायला निघाले की दार धरून उभं राहावं, हे तिला कुणी तरी फार चांगलं शिकवलं होतं.

"पायरी उंच आहे," ती मला म्हणाली. "नव्या माणसाला कळत नाही."