मिशीतली नजर

गोदीची तक्रार एकच होती, आणि ती दर रविवारी फोनवर व्हायचीच.

"चैते, बोलतेस माज्याशी, पन बगतेस भलतीकडं. पायाशी काय सांडलंय का तुज्या?"

चैती पुण्यात मोबाइलचे पडदे तयार करणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. तिनं आईला नाना परींनी समजावलं. "आये, मी तुझ्या तोंडाकडंच बघते गं. तू असतेस पडद्याच्या मधोमध, आणि मला टिपणारा कॅमेरा बसलाय वर काठाला. म्हणून तुला माझे डोळे झुकलेले दिसतात."

गोदीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग त्याला मदी बसव. एवडी शिकलीस ना?"

तेव्हापासून चैतीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. काठोकाठ पडदा, आणि कॅमेरा त्याच्या मागं, अगदी मधोमध, कुणाला न दिसणारा. पडदा म्हणजे उजेडाचे लाखो बारीक ठिपके. कॅमेऱ्यासमोरचे ठिपके विरळ केले की कॅमेऱ्याला दिसायचं, पण पडद्यावर तिथं फिकट गोल डाग उठायचा. ठिपके दाट केले की डाग जायचा आणि कॅमेरा आंधळा व्हायचा. पाच महिने हेच चाललं होतं. चैत्र संपेपर्यंत डाग गेला नाही, तर कॅमेरा पुन्हा वर काठाला जाणार, असं वरिष्ठांनी सांगून टाकलं होतं. म्हणजे तिकडं गावी, पोशेऱ्यात, आईनं जन्मभर लेकीच्या पापण्याच बघायच्या.

अशा मनानं चैती बोहाड्यासाठी, देवांचे मुखवटे घालून नाचायच्या गावच्या उत्सवासाठी, घरी आली. मोहाची फुलं गळत होती, सगळ्या पाड्याला त्यांचा गोडसर वास चढला होता. दुपारचं ऊन अंगणात असं पसरलेलं, की कोंबड्यासुद्धा झोपेत चालल्यासारख्या वाटत होत्या. ओसरीवर सोम्याकाकानं भीमाचं सोंग टोपलीतून बाहेर काढलं, नारळ फोडला, हात जोडले. हा कागदाच्या लगद्याचा टोपलीएवढा मुखवटा तीस वर्षं काकाच घालून नाचत होता. यंदा रंग उडाला होता.

"घे कुंचला," काका म्हणाला. "पडदे रंगवतेस म्हनं तिकडं."

"रंगवत नाही हो काका!"

"मंग आज रंगव."

चैती रंगवायला बसली. भीमाचे डोळे वाटीएवढे, पण ते नुसते रंगाचे. मुखवटा माणसाच्या तोंडाहून मोठा, म्हणून घालणाऱ्याचे डोळे येतात थेट भीमाच्या मिशीत. तिथं दोन भोकं होती. चैतीनं हात स्थिर धरून दोन्हींभोवती काळीभोर, नेटकी गोल किनार ओढली आणि खुशीत मागं सरकून पाहिलं.

काका पोट धरून हसला. "अगं बाय माजी! भीमाच्या मिशीला चष्मा लावलास!"

"भोक नीट दिसायला नको?"

"दिसलं तर लोक देवाकडं नाय बगत, सोम्याकडं बगत्यात. आन हिकडं." त्यानं कुंचला घेतला आणि ती किनार मोडून टाकली. मिशीचे केस एकेक करून भोकापर्यंत ओढत आणले. कुठला लांब, कुठला आखूड, कुठला भोकाच्या तोंडावरच थबकलेला. "मिशी कुटं सरली आन भोक कुटं लागलं, ह्ये भोकालाबी कळू नये."

उंबऱ्यात नागली पाखडत बसलेली गोदी सूप थांबवून म्हणाली, "खोडाळ्याच्या कीर्तनात बुवा तेच सांगत हुते. बगनारा कुनाला दिसत नाय, पन त्याच्याबिगर काय बी दिसत नाय."

रंग वाळल्यावर काकानं मुखवटा चढवून पाहिला. सोंग चढलं की त्याला नावानं हाक मारायची नाही, तेही बोलत नाही. चैतीनं मिशीत भोकं शोधली, सापडेनात. समोर दोन वाटीएवढे डोळे, ऊन, मोहाचा वास, आणि कुणीतरी आपल्याकडे मायेनं एकटक बघतंय एवढंच. तिला वाटलं, आपण लहान झालोय, आणि हे ऊन कधी उतरणारच नाही.

पुण्याला परतल्यावर तिनं पहिल्यांदा तो नेटका गोल मोडला. दाट ठिपके आणि विरळ ठिपके यांच्यामधली रेघच पुसली. ठिपके मिशीच्या केसांसारखे, कमीजास्त लांबीनं, हळूहळू विरळ होत आत नेले. आतल्या उरल्यासुरल्या ठिपक्यांना थोडा जास्त उजेड दिला. डाग कुठं गेला, ते तिलाच सापडेना. कॅमेऱ्याला मात्र किंचित धुकं दिसत होतं. बरंचसं संगणकानं निवळलं, थोडं राहिलं. राहू दे, म्हणाली.

रविवारी तिनं त्या नमुन्याच्या फोनवरून पोशेऱ्याला व्हिडिओ लावला.

गोदी नेहमीसारखी बोलायला लागली, शेळी व्याली, तानीला मुलगी झाली, आणि मधेच थांबली. तिनं पदर डोक्यावर घेतला. केस सारखे केले.

"काय झालं, आये?"

"अशी काय बगतेस गं माज्याकडं? लाज वाटती मला."

गोदीचा फोन जुनाच होता. त्यामुळं चैतीला आईच्या पापण्याच दिसत होत्या. त्या ओल्या झाल्या. मग दोन सुरकुतलेले हात पडद्याच्या दोन्ही कडांशी आले, लेकीच्या गालांवरून फिरावेत तसे खाली उतरले, आणि गोदीनं ते आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.