एक बोट, दोन बोटं

बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. घेनारा अन् देनारा दोघंही दुपट्ट्याखाली हात घालतेत अन् बोटं दाबून बोलतेत, आजूबाजूच्या दलालायले कयू नये म्हनून. सौदा पटला तं सगयी मूठ दाबाची. नाही पटला तं हात सोडून द्याचा अन् चहा प्याले जाचं. हे मी माह्या बापापासून, नत्थुजीपासून, शिकलो. माह्यापासून माही पोरगी आचल शिकली. थे लहान असताना कपड्याच्या दुकानात तिची माय भाव करत बसे, अन् आमी बापलेक इकडं दुपट्ट्याखाली फ्राक ठरवून टाको. एक बोट म्हंजे पिवया, दोन बोटं म्हंजे लाल. मायले पत्ताच नाही लागे.

आता आचल चोवीसची झाली. मी दर्यापूर-अमरावती जीप चालवतो, अन् थे सायकल चालवते. दूधवाल्याची सायकल नाही बावा, शर्यतीची. बोटाएवढा टायर, वाकडं हँडल. पुन्याच्या एका क्लबात राह्यते. वर्साचे दोनदाच घरी येते, पोयाले अन् दिवाईले. आली का दोन दिवस तिच्या चपला दारात दिसतेत. मंग नाही दिसत. चपला नाही दिसल्या का मी उगाच दोनदा दारात जाऊन येतो. पन हे कोनाले सांगाचं? जीपमधले लोक हासतीन.

अवंदा दिवाई झाल्यावर जेवताना म्हनते, "बाबा, क्लबवाले नवी फ्रेम देऊन राहिले. कार्बनची घ्याची का टायटॅनियमची, मले समजूनच नाही राहिलं."

फ्रेम म्हंजे सायकलचा सांगाडा. एवढं मले समजते.

"फरक काय व पोरी दोघीत?"

"कार्बन हलकी अन् कडक. पाय मारला का सगया जोर चाकात जाते. शर्यतीले थेच लागते. पन जोरात आदयली का तडा जाते. टायटॅनियम जराशी जड, पन गचके खाऊन घेते, गंजत नाही, जन्मभर जाते. लांब-लांब फिराले चांगली."

"मंग त्यात अडलं कुठं?"

तिनं भाकरीचा तुकडा ताटात फिरवला. "पटियाल्याच्या शिबिरात माहं नाव आलं. दोन वर्सं शर्यतीची तयारी. अन् इकडं दर्यापूरच्या शायेत खेयाच्या मॅडमची जागा देऊन राहिले. पटियाल्याले गेली तं कार्बन. शाया धरली तं टायटॅनियम, म्हंजे रविवारी आरामात चिखलदऱ्याले जाऊन येईन. दोन्ही जागी मले या हप्त्यात सांगाचं हाय."

चुलीपासून तिची माय वरडली, "टिकाऊ घे! वीस वर्सं चालली पाह्यजे!"

"माय, सायकल होय थे, फ्रीज नोहे."

"फ्रीज तरी घरात राह्यते!"

आचल हासली. मी नाही हासलो. मायनं माह्या मनातलंच बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमी दोघं अमरावतीच्या दुकानात गेलो. तिच्या मापाच्या दोन्ही फ्रेमा तिथं होत्या. पसंत करा, दुकानवाला जोडून देनार, असं क्लबवाल्यायनं सांगून ठेवलं होतं. दुकानदार पोरगा अनुप. त्यानं दोन्ही फ्रेमा खुंटीले टांगल्या. कार्बनची कायीभोर, चकचक करून राहिली. टायटॅनियमची राखाडी, रंग ना रोगन, नुसता धातू.

मी टिचकी मारून पाह्यली. कार्बन वाजली वायल्या भोपयावानी. टायटॅनियम वाजली टाळावानी.

"काका, मडकं घ्याले आले का?" अनुप म्हने.

"अरे, बैल घेताना आमी दात पाह्यतो. याले दातच नाही, मंग काय पाहू?"

"बोटावर उचलून पाहा."

कार्बन उचलली तं हातात काही हाय असंच वाटलं नाही. मले भेवच लागलं, एवढ्याश्यावर माही पोरगी उतारावरून येनार! टायटॅनियम उचलली तं हाताले समजलं का काहीतरी धरलं हाय.

"हे जन्मभर जाते म्हनते ना रे?"

"तुमच्या नातवालेही पुरीन, काका."

जन्मभर. नातू. घ्या! मले दिसूनच गेलं. दारात चपला, सांजच्याले शायेतून आलेली आचल, अंगनात भिंतीले टेकून राखाडी सायकल, अन् तिची माय आतून वरडून राहिली का हातपाय धू आधी.

आचल दोन्ही फ्रेमायच्या मधात उभी होती. एकदम माह्याजवळ आली अन् हयूच म्हने, "बाबा, दुपट्टा द्या ना."

मी खांद्यावरचा दुपट्टा दोघायच्या हातावर टाकला.

"एक बोट कार्बन, दोन बोटं टायटॅनियम," थे म्हने. "तुमी सांगसान थे खरं. मले खरंच नाही समजून राहिलं."

"काका, हे काय चालू हाय?" अनुपनं इचारलं.

"सौदा. तू तिकडं पाहा."

मी दोन बोटं दाबली. खरं सांगतो, इचारही नाही केला.

आचल माह्या तोंडाकडं पाहून हासली अन् तिनं सगयी मूठ दाबली. म्हंजे पटलं. झाला सौदा.

पन थे मूठ! तोंड हासून राहिलं होतं अन् हातात जीवच नव्हता. असे हात मी बाजारात लय धरले हायेत. ज्याले बैल विकाचा नसते पन घरच्यायनं धाडला असते, त्याचा हात असाच लागते. मूठ दाबते, पन बोटं गार. अन् दाबता दाबता नजर बैलाकडं जाते. मी पाह्यलं, तिची नजर कायीकडं, कार्बनकडं, गेली होती.

मूठ दाबल्यावर सौदा फिरवनं म्हंजे भर बाजारात नाक कापून घेनं. आमच्या घरात कोनी कधी फिरवला नाही. माह्या बापानं तं लंगडा बैलही घरी आनला, पन मूठ नाही फिरवली.

मी तिची मूठ उकलली. एक बोट दाबलं.

"बाबा, मूठ झाली ना आता."

"झाली. मी फिरवतो."

"अन् शाया? थे जागा काही माह्यासाठी थांबनार नाही."

"नको थांबू दे. पटाच्या शर्यतीतल्या बैलाचे पयाचे दिवस थोडे असतेत व माय. त्या दिवसात त्याले नांगराले कोन जुंपते?"

तिनं माहं बोट असं आवयलं का अंगठी रुतली. मी म्हनलं, सोड आता, मले जीप चालवाची हाय.

मायले तू सांग, नाही तुमी सांगा, असं दोघायचं चालू झालं.

दुपारपावतर सायकल तयार झाली. आचल म्हने, मी चालवतच घरी येईन. मी म्हनलं, ये, मी मागंच हावो. अड्ड्यावरून गाडी भरून घेतली अन् भातकुलीच्या अंगानं निघालो. पुढं आचल, मागं माही जीप. दोन्हीकडं वावरात कापूस फुटला होता.

बाजूच्या सीटवर आमच्या गावचे पंजाबराव होते. थोड्या वेयानं म्हनतेत, "श्याम, हे जीप हाय का बैलबंडी? सायकलच्या मागं काहून चालून राहिला?"

"माही पोरगी हाय थे."

"मंग भोंगा वाजव, घे तिले आत अन् सायकल टाक टपावर."

मागून एक बाई बोलली, "चालवू द्या ना जी तिले. किती सोभून राहिली!"

"सोभू दे! माही बस चुकन तिकडं."

मी गाडी दाबली, तशी आचलही वाकली अन् तिनंही पाय दाबले. मले वाटलं आता भेटन, मंग भेटन. थे लहानच होत चालली. मधात कापसाचा ट्रॅक्टर आला. दोन्हीकडून फुगलेला, पुढचं काही दिसूच नाही देये. त्याले मागं टाकलं तवा समोर सडक मोकयी होती. दूरपावतर कोनीच नाही.

"गेली काय रे?" पंजाबरावानं इचारलं.

"गेली."

"घरीच चालली ना? मंग तोंड काहून पाडून राहिला?"

मी गाडीचा गिअर बदलला. "आज तं घरीच चालली, भाऊ."