ओढलेलं आतडं

सतरा वर्षं मी उंदरांची आतडी मोजते आहे. चारचौघांत हे सांगितलं की समोरचा हातातली बशी खाली ठेवतो, म्हणून मी "प्रयोगशाळेत असते" एवढ्यावरच भागवते. काम तसं सोपं. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात एक पावडर घालायची. आठवड्याभरात मोठं आतडं सुजतं, रक्त पडतं, वजन उतरतं. मग निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. शेवटी त्यांना मारायचं (काहीजण "झोपवायचं" म्हणतात, मला ते लाडिक बोलणं जमत नाही) आणि आतडं पट्टीवर ठेवायचं. सूज जितकी जास्त, तितकं ते आखूड.

औषध कुणाला मिळालं हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. पिंजऱ्यांवर फक्त आकडे असतात. पण या वेळचं औषध लघवीतून पिवळंधमक उतरायचं आणि पिंजऱ्यातला भुसा बदलायची मीच. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला ते जाणून घ्यायचंच होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला सहा वर्षं हाच आजार आहे. कुठेही गेली की आधी संडास कुठे आहे ते बघते. डॉक्टर आता मोठं आतडंच काढणार होते, पोटाला पिशवी लावणार होते. गुरुवारची तारीख मिळाली होती. त्या पिशवीच्या धसक्याने ती अर्धी झाली होती.

मापं घेतली त्या दिवशी माझ्या तोंडात तीळ भिजेना. "औषध लागू पडतंय गं," मी तिला फोनवर म्हणाले, "पिवळ्या पिंजऱ्यातली आतडी चांगली सेंटीमीटरभर लांब आहेत." दुसऱ्या दिवशी तिने शस्त्रक्रिया रद्द केली. माणसांवर चाचणी होईल तेव्हा पहिलं नाव आपलंच, म्हणाली. माणसांपर्यंत यायला वर्षं जातात हे मला चांगलं ठाऊक होतं, पण कितीतरी दिवसांनी ती हसत होती, म्हणून मी गप्प बसले.

सोमवारी अहवालासाठी फोटो लावत होते. पाण्यावरच्या उंदरांची आतडी पट्टीवर सैल पडलेली. औषधवाल्यांची ताठ, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला माझा चिमटा टोक धरून. मी मुद्दाम ओढलं नव्हतं. पण हात माझाच होता, आणि त्याला काय हवंय ते त्याला माहीत होतं.

मॅडमना फोटो दाखवले. त्यांनी जपून ठेवलेली वीसही आतडी बाहेर काढली आणि स्वतः मोजली. फरक दोन मिलिमीटर, म्हणजे नसल्यातच जमा.

"वीस जीव फुकट गेले," त्या म्हणाल्या. "पुन्हा करू. मोजायला तुम्ही नकोत." आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी रजा टाकून बहिणीकडे गेले. ती संडासात होती. बाहेर यायची वाट बघितली असती तर माझा धीर सुटला असता, म्हणून दाराशी उभी राहूनच सगळं सांगून टाकलं.

तिने आतूनच विचारलं, "किती ओढलंस?"

"सेंटीमीटरभर."

"आणि औषध?"

"नाही लागू पडत."

फोन तिच्याजवळच असतो. तिने तिथूनच दवाखान्यात लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"गुरुवारची माझी वेळ परत मिळेल का? दिली दुसऱ्या कुणाला? बरं... मग आता कधी?" ती थांबली. "सात आठवडे."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही हो, घाबरून नव्हती रद्द केली. माझी ताई याच कामात आहे, तिने सांगितलं होतं."