शुक्रवारचा कापूस

आमच्या भिवंडीतल्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागाची, शेड आहे. त्यामुळे आमच्याकडे कुठलीही वस्तू जरा वेळ उघडी राहिली की तिच्यावर कापूस बसतो. टेबलावर पुस्तक उघडं ठेवून चहा करायला गेलो, तर परत येईपर्यंत पानावर बारीक पांढरे तंतू दिसतात. नव्या माणसाला त्याचा त्रास होतो. आम्ही इथले लोक तो न बघता पुसतो, नाहीतर न बघता तसाच राहू देतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी गडबड या न बघण्यातून झाली, आणि ती बहुतेक माझ्यामुळे झाली.

समोरच्या घरात कुबराभाभी राहतात, मुलगा मुबश्शिर आणि सून अफीफा यांच्यासोबत. अफीफा मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होती. तिथून लोकांना घरबसल्या झाडं पाठवतात. दिवसभर उभ्याने खोके भरायचे, शिफ्ट आज सकाळची तर उद्या संध्याकाळची. तिचे पाय सुजायचे. पण झाडं तिला आवडायची. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या सक्युलेंटच्या, म्हणजे जाड रसदार पानांच्या झाडांच्या, कुंड्या, नावाच्या चिठ्ठ्या गळून पडलेल्या, एखादी फांदी मोडलेली, तिथला सुपरवायझर तिला घेऊन जाऊ द्यायचा. हळूहळू तिची गॅलरी भरली, मग जिना भरला, आणि दिवाळीनंतर तिने काम सोडलं. आता घरीच रोपं करून विकणार म्हणाली.

कुबराभाभींना हे पटलं नाही. घरात काटे पाळून कुणाचं भलं झालंय, असं त्यांचं म्हणणं. मुबश्शिर स्वभावाने असा की जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटतं, म्हणून भाभी शेवटी बोलल्या. भाभींचे एक भाऊ आहेत, नूर मोहम्मद, मुबश्शिरचे मामू. त्यांच्या मुलीचं लग्न जानेवारीत होतं, आणि पाहुण्यांना डबे वाटण्यापेक्षा एकेक छोटी कुंडी द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. ती ऑर्डर अफीफाला मिळाली होती. ती नीट पार पडली तर ठीक, नाहीतर परत गोडाऊनची ड्युटी, असं भाभींनी माझ्यासमोर सांगितलं. अफीफा आपल्या पावलांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती एक पसरट कुंडी घेऊन माझ्या दारात आली. तिच्यात चार-पाच तऱ्हेची झाडं दाटीवाटीने लावलेली होती. मामूंना प्रत्येक कुंडीवर झाडाचं नाव हवं होतं. "काका, तुमच्याकडे पुस्तकं आहेत," ती म्हणाली. मी आयुष्यभर इथल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. ज्याने पुस्तकं हाताळली त्याने ती वाचलीही असतील असं लोकांना वाटतं. ते काही खरं नाही, पण नाही म्हणायलाही धीर लागतो.

बागकामाची दोन जुनी पुस्तकं माझ्याकडे होती. भिंग घेऊन बसलो. गुलाबाच्या फुलासारखी पाकळ्यापाकळ्यांची रचना असलेली ती एकेव्हेरिया. गडद हिरव्या टोकदार पानांवर पांढऱ्या मण्यांच्या ओळी असलेली ती हावर्थिया, कोरफडीच्या भावकीतली. नाण्यासारख्या जाड पानांचं जेड बहुतेक सगळेच ओळखतात. उरलेली दोन चित्रात अगदी सारखी दिसत होती, आणि कुठलं कुठलं हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. म्हणून मी चिठ्ठ्यांवर नावं पेन्सिलीने लिहिली. भाभींनी एक चिठ्ठी उचलून बघितली.

"पेन्सिलनं लिवलंय? म्हंजी बारसं अजून कच्चं हाय."

पुस्तक वाचता वाचता एक गोष्ट मात्र ध्यानात आली. अशा मिश्र कुंड्या दुकानदार शोभेसाठी करतात. लग्नाच्या हॉलमध्ये एका टेबलावर बसवलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखी ही झाडं असतात. एकाला भरपूर ऊन हवं, दुसऱ्याला सावली. एकाला पाणी लवकर लागतं, दुसरं तेवढ्या पाण्याने कुजतं. अफीफाला हे सांगितल्यावर तिने सगळी वेगळी केली. चहाच्या टपरीवरच्या मातीच्या पेल्यांना मुबश्शिरने ड्रिलने भोकं पाडून दिली. पुष्कळ पेले फुटले. खडी आणि वाळू मिसळलेल्या मातीत एकेक झाड बसलं. हावर्थिया जिन्यात सावलीला गेल्या, एकेव्हेरिया गॅलरीत उन्हाला. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, आणि दिलं तर मुळाशी, असा नियम ठरला.

पण गॅलरीच्या पलीकडेच लूमची शेड. झाडांवर कापूस बसायला लागला. एके सकाळी कुबराभाभींनी ओलं फडकं घेऊन सगळ्या एकेव्हेरिया पुसून लख्ख केल्या. द्राक्षावर असतो तसा एक फिकट पांढुरका थर या पानांवर जन्मतःच असतो. तो झाडाचा स्वतःचा असतो, उन्हापासून त्याला जपतो, आणि एकदा गेला की त्या पानावर परत येत नाही. भाभींच्या बोटांचे ठसे पानापानावर उमटले होते. शिवाय मध्यावर पाणी साचून एक झाड आतून काळं पडलं.

अफीफाचा चेहरा बघून मी एरवी बोलतो त्यापेक्षा जास्त बोललो. पांढरं दिसलं म्हणजे धूळ नव्हे, आणि वर लूमचा कापूस बसला असेल तर बसू द्या, त्याने झाडाला काही होत नाही, बोट म्हणून लावू नका, असं मी सांगितलं. भाभी म्हणाल्या, साफसफाईला मनाई करणारं पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. पण त्यांनी फडकं ठेवून दिलं. सगळ्यांनी माझं ऐकलं. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

डिसेंबर संपता संपता अफीफाने मला गॅलरीत बोलावलं. पानांच्या बेचक्यांत पांढरे पुंजके दिसत होते. तिला कापूस जरा जास्तच वाटत होता. मी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणालो, शेडमध्ये हल्ली जाडं सूत चालत असेल. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते मला ठाऊक नाही. पुढच्या काही दिवसांत दोन-तीन झाडांची कोवळी पानं वाकडी झाली, पेल्यांच्या कडांवर मुंग्या फिरू लागल्या, पानांना हात लावला की चिकट लागायचं. मी रोज बघत होतो आणि रोज मनात म्हणत होतो की हे काही ठीक नाही. पण मीच सांगितलेलं मी कसं खोडायचं? आणि आताची शंकाच चुकीची निघाली तर?

आमच्याकडे लूमला शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी सकाळी मी अफीफाला विचारून तिचं एक झाड माझ्या खिडकीत आणलं. रंगाच्या कोरड्या ब्रशने त्याच्या बेचक्यांतला कापूस हलकेच झाडून टाकला, खिडकीची फळी पुसली, आणि शेजारी एक पुस्तक उघडं ठेवलं. शेड दिवसभर गप्प होती. संध्याकाळी बघितलं तर फळी स्वच्छ होती. पुस्तकाच्या पानावर एक तंतू नव्हता. झाडाच्या बेचक्यांत मात्र पुन्हा पांढरे ठिपके आले होते.

लूम बंद, मग हा कापूस विणला कोणी? मी भिंग लावलं. बराच वेळ काही दिसलं नाही. मग त्यातला एक पुंजका सावकाश चालत पानाच्या पाठीमागे गेला.

पुस्तकात त्याचं नाव होतं. पिठ्या ढेकूण. तीच दोन पुस्तकं, त्यातलंच पान, फक्त मी ते आधी उघडलं नव्हतं. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा तिघंही घरात होती. सांगायचं काय ते मनात नीट जुळवून आलो होतो, पण सुरुवातच मधून झाली. झाडांवर कीड आहे, ती रस शोषते, ती कापसासारखी दिसते, आणि पुसू नका असं मी सांगितल्यामुळे ती वाढली, एवढं कसंबसं बाहेर पडलं. किडीचं नाव ऐकताच भाभी उभ्या राहिल्या.

"ढेकूण? माझ्या घरात?"

हे गादीतले नव्हेत, हे पटवण्यात थोडा वेळ गेला. अफीफाने मात्र भिंग मागून घेतलं आणि गॅलरीत एकेक पेला बघत गेली. परत येऊन तिने सांगितलं ते असं. एकेव्हेरिया बहुतेक सगळ्या लागलेल्या होत्या, जेडही थोडी. जिन्यातल्या हावर्थिया स्वच्छ होत्या.

मुबश्शिर म्हणाला की वरवर झाडून दिल्या तरी लग्नाच्या दिवशी कुणाला कळणार नाही. भाभींनाही ते पटलं. "हॉलमधी भिंग घिऊन कोण येतंय?" त्या म्हणाल्या. आणि हे खरंही होतं. महिनाभर कुणाला काही कळलं नसतं.

अफीफा जमिनीवर बसली होती. "आणि महिन्याने?" ती म्हणाली. "ज्याच्या घरी जाईल त्याच्या मोगऱ्यावर चढेल, जास्वंदीवर चढेल. लोक म्हणतील, नूर मोहम्मदने लग्नात कीड वाटली."

"मग काय करणार?" भाभींनी विचारलं. "जाणार परत ड्युटीला?"

"आधी मामूंकडे जाते. मग काय ते बघू."

मी बरोबर येऊ का, असं मी विचारलं. ती नाही म्हणेल अशी मला थोडी आशा होती. ती हो म्हणाली.

नूर मोहम्मद यांचं घर वडप्याच्या वाटेवर आहे. पूर्वी त्यांचे स्वतःचे लूम होते, आता शेड भाड्याने दिली आहे. अंगणात मांडववाले बांबू उतरवत होते. अफीफाने चांगला पेला आणि वाईट पेला शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. म्हणून मग मला बोलावं लागलं. कापूस आहे असं मीच सांगितलं होतं, तिची शंका बरोबर होती, असं मी म्हणालो. एवढं बोलूनही मला घाम आला.

त्यांनी वाईट पेला उचलून डोळ्यांजवळ धरला. "उभी जिंदगी कापसात गेली माझी," ते म्हणाले, "मी पण कापूसच बोललो असतो." मग ते अफीफाकडे वळले. "डाग दिसला की कापडाचा ताका बाजूला काढायचा. गठडीत खालती दडपला, की दुसऱ्या बारीला व्यापारी दारात उभा करीत न्हाय. तू बाजूला काढलास, बरं केलंस. आता चांगल्या किती हायत?"

हावर्थिया प्रत्येक टेबलावर एकेक ठेवण्यापुरत्या होत्या. तेवढ्या टेबलांवर ठेवायच्या आणि पाहुण्यांना कुंडी मागाहून घरपोच येईल असं सांगायचं, असं त्यांनीच ठरवलं. "भिवंडीत माल लेट आला तर कुणाला नवल न्हाय," ते हसत म्हणाले. पण निरोप घेताना त्यांनी तिला थांबवलं. "मागाहून म्हंजी खरंच आली पायजे, बेटा. जबान माझी जाईल."

परतताना रिक्षात अफीफा म्हणाली की आता तर काम दुप्पट झालं, आणि तिला भीती वाटते. मलाही वाटत होती. मी तसं सांगितलं. तेवढ्याने ती थोडी हसली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि प्रत्येक बेचक्यात फिरवायचा. पुंजका विरघळून जातो. ज्या झाडांचं खोड पोखरल्यासारखं झालं होतं, त्यांचे वरचे चांगले पानांचे गेंद कापून, साफ करून, सावलीत कोरडे करायला ठेवले. कापलेली जागा सुकल्याशिवाय मातीत लावायचं नाही, हे यावेळी मी दोन्ही पुस्तकांत तपासून घेतलं. तरीही अफीफाला म्हटलं की आधी थोड्यांवरच करून बघ.

भाभी पहिल्या दिवशी दारातून नुसत्या बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, अफीफाला सरकवलं आणि काडी हातात घेतली. आपल्या घरात किड्यांनी पोरं काढावीत हे त्यांना सहन होत नव्हतं. "बघा सावळारामभाऊ," त्या मला म्हणाल्या, "मी पुसते तेव्हा तुमचं पुस्तक रागावतं, तुम्ही पुसता तेव्हा दवा होते." मी म्हणालो, पुस्तकाचं काय, ते लिहिणारा भिवंडीत राहत नव्हता. त्या पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसल्या.

लग्न पार पडलं. टेबलांवरच्या हावर्थिया काही बायकांनी जाताना पिशवीत घातल्या, हे चांगलं की वाईट ते मला ठरवता आलं नाही. काही पाहुण्यांनी टोमणेही मारले, कुंडीचा वादा केला आणि डबाही नाही मिळाला म्हणून. अफीफाने प्रत्येकाचा पत्ता विचारून घेतला.

कापलेल्या गेंदांना मुळं फुटायला वेळ लागला. काही सुकून गेले. पण एक दिवस अफीफाने एक गेंद उलटा करून दाखवला, तर खाली दोऱ्यासारखी गुलाबी मुळं होती. नुसती गळून मातीवर पडलेली पानंसुद्धा टोकाशी मोहरीएवढी रोपं धरून होती. त्यानंतर दर शुक्रवारी ती एकेक झाड भिंगाखाली धरायची, आणि ज्यावर काही दिसणार नाही तेवढंच बाजूला ठेवायची. मुबश्शिर मोटरसायकलच्या मागे खोका बांधून खारबावपर्यंत पेले पोचवून आला. येताना त्याने दोन नव्या ऑर्डर आणल्या. त्यातली एक त्याच बाईची होती जिने लग्नात टोमणा मारला होता.

अजून सगळ्या कुंड्या पोचल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. मी चिठ्ठ्या लिहीत त्यांच्या गॅलरीत बसलो होतो. अफीफाचा फोन वाजला. गोडाऊनचा सुपरवायझर होता. तिथे कामाची गर्दी होती, माणसं कमी पडत होती, आणि तो तिला परत बोलवत होता. तिचे दोन्ही हात मातीत होते, म्हणून फोन भाभींनी उचलला. अफीफा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

भाभींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "न्हाय, सोमवारी न्हाय येणार. मंगळवारी पण न्हाय. ती कामावर हाय." थोडं थांबून त्यांनी समोरच्याला समजावून सांगितलं, "अरे, सुट्टीवर न्हाय. कामावर हाय, बोलले ना."

फोन ठेवून त्या अफीफाच्या शेजारी बसल्या आणि पेल्यात घालायला खडी निवडू लागल्या.