जिताड्याचं माहेर

हळदीचं बोलावणं मला माशामार्फत आलं.

धाकटा दीर ज्ञानेश्वर आमच्या शेततळ्याच्या बांधावर उभा राहून पाण्यात बघत होता. त्याच्या मुलाचं, अमोलचं, लग्न ठरलं होतं. टोकावड्यात आमची घरं एका हाकेच्या अंतरावर आहेत. हाक मात्र सहसा कुणी मारत नाही.

"वयनी, जिताडा हाय ना आजून?"

"हाय की. जाईल कुठं?"

"अमोलच्या हळदीला लागंल. व्याही पेणकडचा हाय, जिताड्याबिगर त्यांचं पान हलत नाय. आमच्या तळ्यातला जिताडा देतो, बोल्लोय मी त्याला."

'आमच्या' ऐकून बरं वाटलं. आमचे हे गेल्यापासून मी पहिल्यांदाच त्या शब्दात बसले होते, माशाला धरून का होईना.

जिताड्याची पिल्लं ह्यांनीच खाडीवरून कॅनमध्ये आणली होती. देणाऱ्यानं बजावलं होतं, आठवड्याला जाळं टाकून मोठे-बारके वेगळे करा, नाहीतर मोठा बारक्याला खातो. आम्ही पडलो भातवाले. भाताचं रोप एकदा लावलं की शेजारच्या रोपाला खात नाही. तशीच पिल्लं सोडली आणि निर्धास्त राहिलो. वाटायचं, वाढतायत. वाढत होतीच, एकमेकांना खाऊन. शेवटी एकच राहिला. पुढं हे गेले, आणि घरातही एकच राहिलं.

ऊन उतरलं की मी ओढ्यातले बारीक मासे घेऊन तळ्यावर जायचे. पाण्यावर दोनदा हात आपटला की खालून तो यायचा, 'टप्प' असा आवाज करून घास ओढायचा. उतरत्या उन्हात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. दिवसभरात माझ्याकडे बघणारे तेवढेच डोळे.

मोबाइलवर बघून बघून मी त्याची सगळी कुंडली काढली होती. नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जन्म. तिवरांच्या मुळ्यांत बालपण. मग नदीनं वर गोड्या पाण्यात यायचं आणि वाढायचं. आधी काही वर्षं तो नर असतो, चांगला मोठा झाला की त्याचीच मादी होते. अंडी मात्र गोड्यात होत नाहीत. त्यासाठी पावसाच्या तोंडावर पुन्हा खाली खाडीला उतरावं लागतं. बाळंतपण माहेरीच, असा त्यांच्यात कडक रिवाज. आमच्या तळ्याला खाली जायची वाटच नव्हती.

"देते मासा," मी ज्ञानेश्वरला म्हटलं. "पन अमोलला हळद मी बी लावनार."

तो खाली बघायला लागला. नवरा नसलेल्या बाईनं हळद लावायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ती जेवायला चालते, भांडी घासायला तर फारच चालते.

"बायका बोलतात, वयनी."

"अमोलला पहिली आंघोळ मी घातली रे. तवा नव्हत्या बोलल्या."

"बघू. रुपाला इचारतो."

रुपा म्हणजे त्याची बायको. हळदीच्या दिवशी सकाळीच ती आली, माशासाठी मोठं पातेलं घेऊन. पातेलं बघूनच मला उत्तर कळलं. तरी विचारलं, "माझ्या हळदीचं काय ठरलं गो?"

"आक्का, तुमी मांडवाच्या मागल्या बाजूला बसा ना. तिथनं समदं दिसतं." ती वाईट नाही. सांगताना ती पदरानं पातेल्याचा काठ पुसत होती. "सांजच्याला गणू गड्याला धाडते मासा न्यायला."

ती गेली. मी तळ्यावर गेले. मे महिना, पाणी मांडीएवढंच उरलं होतं. आज सुरी, नाहीतर पंधरवड्यानं चिखल. गावातल्या भगीरथला फोन लावला. तो दुपारी टेम्पोनं भेंडी घेऊन कल्याणला जातो. कल्याणला खाडी आहे.

तो ड्रम घेऊन आला. मी पाण्यात उतरून दोनदा हात आपटला. जिताडा रोजच्यासारखा आला. त्याला काय माहीत, आज हातात जाळं आहे. धरल्यावर असा तडफडला की मी चिखलात बसलेच.

वाटभर मी टेम्पोत मागं बसून तांब्यानं ड्रममधलं पाणी उचलत होते आणि वरून ओतत होते, त्याला हवा मिळावी म्हणून.

"वयनी, समदी भेंडी भिजवलीत!" पुढून भगीरथ ओरडला.

"भिजू दे. ताजी दिसंल."

"ज्ञानेश्वर माझा टेम्पो जाळंल."

"तू सांग, म्हातारीनं धमकी दिली."

"तुमी कुठं म्हाताऱ्या!" तो म्हणाला. बऱ्याच दिवसांत कुणी माझं वय मनावर घेतलं नव्हतं.

कल्याणच्या पुढं खाडी लागली. पाणी काळपट, काठाला प्लास्टिक. असल्या माहेरी पाठवायचं म्हणून ड्रमवरचा हात काढवेना. पण पलीकडे तिवरं दाट होती आणि भरती चढत होती. चिखलात खेकडे धरणारी एक बाई म्हणाली, "एकदम नको टाकू, बाय. खारं पानी थोडं थोडं ओत आधी. वळख पटू दे." तसं केलं. मग मी आणि भगीरथनं ड्रम आडवा केला.

तो गेला. थांबला नाही. मागं वळून बघायला माशाला मान नसतेच म्हणा.

परत येताना फोन वाजला. ज्ञानेश्वर.

"वयनी, गणू तळ्यावर उभा हाय. मासा कुठाय?"

"माहेरी पोचवला."

मागं हळदीचा बेंजो वाजत होता. त्यावरून तो ओरडला, "व्याह्यासमोर माझं नाक कापलंत. जेवायला तरी कशाला येता आता?" आणि ठेवला.

"घरी सोडू ना?" भगीरथनं विचारलं.

"मांडवातच सोड. सकाळपासनं पोटात काय नाय."

ओल्या, खाडीचा वास मारणाऱ्या लुगड्यानं मी पंगतीला बसले. दोन्ही बाजूंच्या बायका जराशा सरकल्या. वाढप्यानं मटण वाढलं, भाकरी टाकली. समोर अमोल हळदीनं पिवळा होऊन बसला होता. त्यानं मला पाहिलं, उठायला लागला. तेवढ्यात फोटोवाल्यानं खांद्याला धरून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं.

मी दुसरी भाकरी मागून घेतली.