पंपाच्या धडधडीत

"अजून थोडी! अजून!" पंपवाला खालून ओरडला आणि जिन्यात चढलेल्या वायरमनने तांब्याची तार झरोक्याबाहेर आणखी हातभर सरकवली. इस्पितळाच्या दुसऱ्या तळघरात, स्टुलावर ठेवलेला रेडिओ नुसता फुसफुसला.

"वर अंगणात ठणठणीत बोलत होता हो!"

"वर बोलेलच," वायरमन खाली उतरत म्हणाला. "इथं डोक्यावर काँक्रीट, चहूबाजूंनी ओली माती. लाटा वाटेतच जिरतात. तार थोडंफार आणतेय, पण ते तुमची ही मोटर खाऊन टाकते. दोन मिनिटं बंद करा, पोरगी ऐकू येईल."

अकरा वाजता पंपवाल्याची पोरगी पहिल्यांदाच रेडिओवर बातम्या वाचणार होती. हीच पोरगी लहानपणी 'बाबा' म्हणतानाही अडखळायची. वर्गात पोरं हसायची, म्हणून घरीही तोंडाला कुलूप. एकदा डबा घेऊन ती इथं आली आणि पंपाच्या धडधडीत एका दमात बोलत सुटली. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर भीती कुणाची? मग शाळा सुटली की स्वारी इथंच. टाकीच्या कठड्यावर बसून ती मोठमोठ्यानं धडे वाचायची. बापाला त्यातलं निम्मंही ऐकू यायचं नाही, पण मान मात्र तो प्रत्येक वाक्याला डोलवायचा.

आज ती शांत खोलीत बोलणार होती. तिथं जीभ अडली तर?

बापाचा हात पंपाच्या बटणापर्यंत गेला. पण दुसरा पंप दुरुस्तीला गेलेला. टाकीत झिरपणारं पाणी पंप उपसत असूनही धोक्याच्या रेघेला टेकलेलं, आणि रेघेच्या वीतभर वर ऑपरेशन थिएटरचं वीजपॅनल.

"दोन मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?" वायरमन म्हणाला.

"कोसळलं तर ते माझ्यावर नाही ना कोसळायचं. वर टेबलावर कुणीतरी झोपलंय."

त्याने हात मागे घेतला. अकराला रेडिओ कानाशी धरला. खरखर, नुसती खरखर. मध्येच बाईमाणसाचा आवाज आल्यासारखा वाटला, पण तो मोटरच्या पट्ट्याचाही असेल. तरी सवयीनं त्याची मान डोलत राहिली.

दुपारी ती स्वतःच जिना उतरून आली.

"ऐकलंत, बाबा?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही गं," तो म्हणाला. "पंप बंद करता येईना."

तिचा चेहरा पडेल असं त्याला वाटलं. ती हसली. "बरं केलंत. तिथं 'बोला'चा लाल दिवा लागला आणि वाटलं, आता अडखळणार. मग म्हटलं, आपण खाली आहोत, पंप चालू आहे. त्याची धडधड कानात धरूनच सगळं वाचलं. एकदाही अडखळले नाही."

बापानं कठड्यावरचं पाणी फडक्यानं पुसलं.

ती कठड्यावर बसली, पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि पहिल्या बातमीपासून मोठ्यानं वाचू लागली. त्याने रेडिओ बंद केला. पंप चालूच होता. त्याला निम्मंच ऐकू येत होतं, आणि तो मान डोलवत होता.