भुऱ्याचं पथ्य

छबूबाई ऊसतोडीला निघाली तेव्हा तिनं तिच्या कुत्र्याची, भुऱ्याची साखळी माझ्या हातात दिली. "ह्याला भाकरी-ताक बस हाय," म्हणाली. मी तोंडानं हो म्हटलं. तिच्या अंगणात तो गार भाकरी चघळताना मी रोज बघायचे, म्हणजे उरलंसुरलंच असणार. पण शेजारणीनं विश्वासानं सोपवलेल्या जिवाला मी शिळं घालू? आमच्या वालूर गावात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पहिल्याच दिवशी म्हशीच्या दुधात चपाती कुस्करली, वर तूप सोडलं. आमचे हे, बन्सीधरराव, म्हणाले, कुत्र्याला तूप पचत नाही. मला असा राग आला! ही म्हण लोक कुत्र्यावरून नाही, गरिबाला टोमणा म्हणून मारतात. दुसऱ्या दिवशी पळीभर तूप जास्तच घातलं.

चौथ्या दिवशी भुऱ्याला जुलाब लागले. सहाव्या दिवशी रक्त पडलं, तो उठेना. सेलूहून जनावरांच्या डॉक्टर संघप्रिया आल्या. त्यांनी मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं, ते तसंच उभं राहिलं. अंगातलं पाणी संपलंय, म्हणाल्या. खायला काय घालता, विचारलं.

"भाकरी आणि ताक," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांना साथीच्या रोगाची शंका आली. परभणीला न्यावं लागेल, पण वाटेत टिकेलसं वाटत नाही, म्हणाल्या. तेव्हा मात्र मी दूध, तूप, चपाती, सगळं कबूल केलं.

त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. सलाईन लावता लावता त्यांनी समजावलं, की आतड्यात कोट्यवधी बारीक जिवाणू राहतात, रोज जे अन्न येतं त्यावर ते पोसतात, आणि तेच पोट सांभाळतात. एकाएकी अन्न बदललं की सगळी घडी विस्कटते. मोठ्या कुत्र्याला दूध सहसा पचत नाही, त्यात एवढं तूप. बदलायचंच तर आठ-दहा दिवस थोडं थोडं बदलायचं. "आता दर पंधरा मिनिटांनी चमचाभर पाणी. संध्याकाळपर्यंत पोटात टिकलं तर वाचेल."

पहिले दोन चमचे उलटून पडले. तिसराही. तीन वाजता फोन वाजला, छबूबाईचा. रविवार होता, आणि दर रविवारी तिला फोनवर भुऱ्याचं भुंकणं ऐकवायचं ठरलं होतं. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा उचलला नाही. इतकी भित्री मी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चारच्या पुढे पाणी टिकायला लागलं. साडेपाचला भुऱ्यानं मान उचलून माझा हात चाटला, आणि मी त्याच्या अंगावर डोकं टेकून रडले. मग मीच छबूबाईला फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं.

"आता कसा हाय?" तिनं विचारलं.

वाचला, मी म्हणाले. डॉक्टरांनी दोन दिवस पातळ भात सांगितलाय, मग हळूहळू जुनं खाणं. तर तू घालायचीस तशी शिळी भाकरी किती घालू?

"शिळी?" छबूबाईला कळेचना. "आमच्यात उरतंय कुठं, ताई? त्याची मी येगळी थापते. सगळ्यांच्या आदी. गार झाल्याबिगर तो खात न्हाई."